उभे ठेवलेले धान

मी गाव सोडले त्या सकाळी आई घरी नव्हती, शेतात होती. कापणीचे दिवस होते, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापणी चालू असताना निरोपासाठी कुणी उंबऱ्यात थांबत नाही. बाबांनी माझी बॅग मोटरसायकलच्या मागे दोरीने आवळली, स्टेशनच्या रस्त्याला लागण्याआधी गाडी तलावाच्या पाळीवर उभी केली आणि म्हणाले, "जा, भेटून ये. गाडीला वेळ आहे."

तलावावर धुके बसले होते. पिकलेल्या धानाला एक वास असतो, कोरडा आणि गोडसर, ऊन लागण्याआधी तो जमिनीच्या अगदी जवळ राहतो. मी नव्या चपला हातात घेऊन धुऱ्यावरून चालत गेले. आमच्याकडे भाताच्या चौकोनी तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या अरुंद बांधाला धुरा. बांधी जवळजवळ कापून झाली होती. मधोमध मात्र धानाचा एक गोल तुकडा उभा होता, एखाद्या छोट्या झोपडीएवढा. त्यात सारसाचे घरटे होते. त्या वर्षी मादीने अंडी उशिरा घातली होती, आणि आमच्याकडची रीत अशी की ज्या बांधीत सारस घरटे करील, तिथला घरट्याभोवतीचा तुकडा पिल्ले पाण्यात उतरेपर्यंत कापायचा नाही. उंदीर लागोत, पाखरे खावोत, दाणा गळून मातीत जावो. तो तुकडा उभाच राहतो.

आई विळा हातात धरूनच माझ्याकडे आली. तिच्या बोटांना धानाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या. तिने माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा त्या रेघा मला जाणवल्या. ती रडली नाही. पलीकडे नर सारस लाल डोके उंच करून आम्हा दोघींकडे पाहत होता. मी निघाले तेव्हा तिने मागून हाक दिली, "मांगं पाहू नको पोरी! धुऱ्यावरून पाय घसरते!"

मी मागे पाहिले नाही. पाय घसरला नाही.

त्या वाक्याला पुढे मी अनेक अर्थ जोडले. नागपूरला मराठी कवितेचा अभ्यास करून, लग्न होऊन सिंगापूरला निघालेली मुलगी साध्या वाक्याला साधे कसे राहू देईल? पण आईला जे सांगायचे होते ते तेवढेच होते. धुरा ओला होता.

आज मी तोआ पायोहमध्ये राहते. हे शहरातले जुने वसवलेले उपनगर आहे. इमारतींच्या मधल्या जागेत मोठाले पर्जन्यवृक्ष आहेत आणि त्यांच्या फांद्यांवर नेच्यांची झुंबरे लटकतात. पहाटे खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतून, लोण्यात भाजलेल्या कॉफीचा आणि नारळाच्या दुधात शिजणाऱ्या भाताचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत चढून येतो. दुपारच्या सरीनंतर कॉरिडॉरमधले काँक्रीट ओल्या पाटीसारखे दरवळते. मी आंग मो किओतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. कवितेने शिकवलेला संक्षेप इथे रोज उपयोगी पडतो, कारण नेमकी कोणती कळ दाबायची हे सांगताना एकही शब्द जास्तीचा चालत नाही.

मला इथे उपरे वाटत नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने लिहिते, कारण आपण निघून आलेली माणसे ते सांगायला कचरतो. इथे सुखात आहोत असे म्हटले तर मागे राहिलेल्यांचे मन दुखावेल, असे आपल्याला वाटत राहते. म्हणून आपण दिवाळीच्या फोनवर इथल्या चकल्यांना तशी चव नाही म्हणतो. चकल्या चांगल्या असतात. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, वेळेवर येते, मुलगी निर्धास्तपणे एकटी फिरते, आणि संध्याकाळी काम संपवून उतरताना माझ्या पावलांना आता कुठे वळायचे हे सांगावे लागत नाही. तुम्ही जे तिथे राहिलात त्यांना हे कळावे, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात त्यांनी ते एकदा कबूल करावे, एवढीच इच्छा.

तरीही या सुखाला एक कोपरा होता जिथे माझे मन अडखळत असे. बाबा गेले त्याला दोन पावसाळे उलटले होते. आई त्या घरात एकटी होती. पहिल्या वर्षी ती हललीच नाही. गेल्या डिसेंबरात, कापणी आटोपल्यावर, ती पहिल्यांदा विमानात बसून माझ्याकडे आली. आणि ती आली त्या क्षणी मी मनाशी ठरवले की तिला आता परत जाऊ द्यायचे नाही. तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली. त्या खोलीवर अभ्यासाची खोली म्हणून रेवाचा, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचा, डोळा होता. तिने कुरकुर केली आणि मग स्वतःच आजीची गादी घातली. नवरा म्हणाला, "तू ठरवलंस ते ठीक आहे, पण आईंना विचार तरी." विचारायचे मी रोज पुढे ढकलत होते. इतकी वर्षे मी तिच्याकडे काही मागितले नव्हते. आता मागायचे, तर नकार ऐकायची तयारी नव्हती.

आईने इथे दोन गोष्टी पटकन शिकून घेतल्या: लिफ्ट आणि टॅन आंटी. टॅन आंटी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजीबाई. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला इंग्रजी, तरी दोघी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांपाशी उभ्या राहून बराच वेळ बोलत. मग जानेवारीत पोंगल आला. लिटल इंडियातल्या फुलवाल्याकडे उसाच्या मोळ्यांशेजारी आईला धानाच्या लोंब्या दिसल्या आणि तिने त्या छातीशी धरूनच एमआरटीचा सगळा प्रवास केला. घरी आल्यावर जमिनीवर बसून तिने तोरण विणले. गावी दर कापणीला ती नव्या धानाचे असेच तोरण विणून दाराला लावते, चिमण्यांसाठी. दाराशी आलेल्या पाखराने खाल्ल्याशिवाय नवा भात घरात शिजत नाही.

तोरण बाहेरच्या दाराला लागले आणि दुसऱ्या सकाळी कॉरिडॉरमध्ये साळुंक्यांची सभा भरली. पारवे उशिरा आले, पण जास्त आले. टॅन आंटी हातात झाडू घेऊन बाहेर आल्या.

"आंटी, कॅनॉट लाह! बर्ड कम, पूपू एव्हरीव्हेअर, लेटर काना फाइन!"

"काय म्हणते ही?" आईने विचारले.

"आजी, इथे पक्ष्यांना खायला घातलं की फाइन बसतो," रेवा म्हणाली.

"दाणा घातला म्हणून दंड?"

"यस लाह."

"अन् नाही घातला तर?"

"तर काही नाही."

आईने साळुंक्यांकडे पाहिले. "उलटीच दुनिया आहे बाप्पा तुमची," ती म्हणाली. पण तिने तोरण उतरवले, मधून दोन केले आणि एक टॅन आंटींच्या हातात ठेवले. आंटींनी ते चिनी नववर्षाच्या लाल कागदांखाली, घराच्या आत, लावले. संध्याकाळी त्या दोन संत्री घेऊन आल्या.

"दोनच कायले?" आईने हळूच विचारले.

"इथे संत्री जोडीनेच देतात, आई. एकटं देत नाहीत."

आईने एक संत्रे बाबांच्या फोटोपाशी ठेवले आणि दुसरे सोलले.

चिनी नववर्षाला ऑफिस बंद असते. त्या सुट्टीत मी आई आणि रेवाला घेऊन जपानला जायचे ठरवले, दक्षिणेकडच्या इझुमी या गावाजवळच्या शेतांत. सैबेरियातून क्रौंच पक्षी तिथे हिवाळा काढायला येतात. नवरा म्हणाला, "तुम्ही तिघी जा, मी घर सांभाळतो." मी कारण सांगितले की सारसांमध्ये आयुष्य गेलेल्या आईला हे पक्षी पाहायला आवडतील. ते खरेच होते. पण माझ्या मनात आणखी एक हिशेब होता. हे पक्षी कुटुंबाने स्थलांतर करतात, आईबाप आणि पिल्लू एकत्र उडतात, असे मी वाचले होते. ते पाहताना मी तिला विचारणार होते. उदाहरण समोर उभे असेल, मला फक्त बोट दाखवायचे राहील.

आम्ही शेतांच्या कडेला एका लहानशा घरगुती अतिथीगृहात उतरलो. घरमालकीण सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आणि तिच्या स्वयंपाकघरात भाजलेल्या रताळ्यांचा वास भरून राहिलेला. आईने दारातच खोल श्वास घेतला आणि तिला जणू पत्ता पटला. रेवा शाळेत तिसरी भाषा म्हणून जपानी शिकते. ती अडखळत बोलली, घरमालकीण सावकाश बोलली, आणि आम्हां तिघींचे भागले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी आम्ही शेतात गेलो. थंडी अशी की श्वासाला धातूची चव येत होती. कापलेल्या शेतांत मुद्दाम पाणी सोडले होते आणि त्या उथळ पाण्यात, राखाडी उजेडात, राखाडी पक्षी उभे होते. आधी मला ती बोरूची झाडे वाटली. मग एक मान वर झाली, मग दुसरी, आणि आवाज सुरू झाला. आमचा सारस तुतारी फुंकावी तसा ओरडतो, नर आणि मादी एकमेकांच्या सुरात सूर घालून. हा आवाज वेगळा होता: घशात गोटे घोळवल्यासारखा, असंख्य घशांतून एकदम आलेला, जमिनीतून वर चढणारा. माझ्या बरगड्यांना तो कानाआधी लागला. काहींच्या माना पांढऱ्या, अंगे पाटीच्या रंगाची. काही त्याहून मोठे, डोळ्याभोवती लाल कडे असलेले. उजेड वाढला तसे एकेक पाय पाण्यातून उचलला जाऊ लागला, आणि थेंब पडल्याचेही ऐकू येईल असे वाटले.

आईचे लक्ष मात्र खाली होते. ती धुऱ्यावर उकिडवी बसून धानाची धसकटे चाचपत होती.

"हे शेत कोणाचं?"

रेवाने विचारून सांगितले, "शेतकऱ्यांचंच आहे, आजी. विंटरपुरतं पाखरांसाठी देतात. तारा, जाळ्या सगळं काढून ठेवतात."

"म्हणजे इथंबी ठेवतात," आई म्हणाली. एवढेच. पण तिचा आवाज, कितीतरी महिन्यांत मी ऐकला नव्हता इतका भरलेला होता.

थोड्या वेळाने एक माणूस छोट्या गाडीतून धान्य पसरत गेला आणि सगळे शेत त्याच्या मागे चालू लागले. आईने रेवाला कोपराने ढोसले. "ह्याले नाही बसत दंड?"

"त्याचं ते काम आहे, आजी. ऑफिशियल आहे तो."

"माहं तोरण अनऑफिशल होतं का?"

रेवा इतकी हसली की जवळचे चार पक्षी उडाले.

मी हवे ते कुटुंब शोधून काढले. दोन मोठे, त्यांच्या मध्ये एक पिल्लू. उंचीने जवळजवळ आईबापाएवढे, फक्त डोके आणि मान बदामी, अजून रंग पक्का न झालेले. बाप मान वर करून पाहत होता, आई चोचीने चिखल उकरून बाजूला होत होती आणि पिल्लू तिथे चोच घालत होते. मी बोट दाखवले. "बघ आई, सगळी मिळून येतात. मागे कुणाला ठेवत नाहीत."

आईने बराच वेळ पाहिले. "अन् पुढच्या साली?"

हे मी वाचले नव्हते. रेवाने घरमालकिणीला विचारले. उत्तर लांबलचक होते. ऐकता ऐकता रेवाचा चेहरा गंभीर झाला. "फक्त पहिल्या वर्षी एकत्र येतात. परत गेल्यावर मोठे पिल्लाला दूर करतात. पुढच्या वर्षी ते आपलं आपलं येतं. वाट माहीत झालेली असते ना."

माझे उदाहरण असे माझ्या हातातून उडून गेले. त्या दिवशी मी काही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश घासून ठेवल्यासारखे होते. घरमालकिणीने दारात उभे राहून वारा पाहिला, आणि रेवाला म्हणाली की आज काही जण निघतील. फेब्रुवारीत असा वारा लागला की ते थांबत नाहीत. आम्ही चौघी शेताकडे गेलो. ऊन चढल्यावर थोडे पक्षी उठले. मग आणखी. पंख न हलवता ते टेकडीवरच्या उबदार हवेत गोल गोल फिरत वर चढू लागले, आवाज हळूहळू पातळ होत गेला, वर्तुळ लहान होत गेले, आणि एका क्षणी त्या वर्तुळाची रेघ झाली. रेघ उत्तरेला समुद्राकडे वळली. घरमालकिणीने हात उंच करून काहीतरी म्हटले. शाळेत जाणाऱ्या मुलाला दारातून म्हणावे तसे.

"काय म्हणाली?"

"जाऊन या," रेवाने सांगितले.

त्याच वेळी मी विचारून टाकले. जमवून ठेवलेले मुद्दे, दवाखाना, लिफ्ट, तिचे गुडघे, यांतले काहीच ओठांवर आले नाही.

"आई, तू आता परत नको जाऊस. माझ्याकडेच राहा."

ती वरच पाहत होती. "तुझा बाप काय म्हणे, आठवते? सारस गाव सोडत नाही."

"आठवतं."

"जोडा आहे तोवर नाही सोडत. मीबी नाही सोडलं." तिने शालीचा पदर ओढून घेतला. "आता मी सारस नाही राहिली, पोरी. आता मी हे पाखरू आहे. धान कापलं का येईन. होळीच्या आंधी जाईन."

"आणि बाकीचं वर्ष तिथे एकटी?"

"एकटी कायले? बांधी आहे, तलाव आहे. माही वाट मले माहीत झाली आता. विमानात पट्टाबी माह्या हातानं लावते." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "तू मले ठेवून घेऊ नको. जागा ठेव."

वरची रेघ दिसेनाशी झाली होती, पण आवाज अजून थोडा उरला होता. माझे डोळे भरले, आणि थंडीने अश्रू गालांवर टोचू लागले. मी मागितले होते ते मिळाले नव्हते. तरीही त्या धुऱ्यावर उभी असताना मला काहीतरी ठामपणे पायांखाली लागले. इतकी वर्षे मी स्वतःला गेलेली समजत होते आणि तिला राहिलेली. आता ती येणार होती, जाणार होती. आणि जिच्याकडे परत यायचे, ती एका ठिकाणी राहणारी मी होते. पाणथळीत पाय रोवून उभी असलेली.

परतताना आई पुढे होती. धुरा दवाने ओला होता. ती वळून मला काही सांगू लागली तेव्हा मीच ओरडले, "मांगं पाहू नको, पाय घसरेल!" ती थांबली, मला ओळखल्यासारखी, आणि मग पोट धरून हसली. तिचा पाय खरेच घसरला. रेवाने तिला वेळेवर धरले.

होळीच्या आधी ती गेली. चांगी विमानतळावर आत शिरताना तिने एकदा मागे वळून पाहिले. तिथली फरशी कोरडी होती.

तिचे अर्धे तोरण मागच्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. साळुंक्या बाहेरच्या कठड्यावर येऊन काचेतून त्याच्याकडे पाहतात. यात कुठलाही नियम मोडत नाही. रेवाचे टेबल हॉलमध्येच राहिले. ती कुरकुरत नाही. आपले घर कुठले, असे मला इथे पुष्कळ वेळा विचारले जाते, आणि पूर्वी मी दोन नावे सांगताना मध्ये थोडी थांबत असे. आता थांबत नाही. तिथे बांधीच्या मधोमध एक तुकडा आहे जो कापणीत सोडला जातो, इथे अकराव्या मजल्यावर एक खोली आहे जी सोडलेली आहे. दोन्हींची मालकी एकाच रीतीकडे जाते, आणि ती रीत जिथे पाळली जाते ते माझे घर.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मागे कापणीचा कल्ला ऐकू येत होता. "यंदा सारसानं पुन्हा उशिरा अंडी घातली," ती म्हणाली. "तुकडा उभा आहे. पिल्लं पाण्यात उतरली का तिकीट काढ."

काल संध्याकाळी आमच्याकडे पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी जेवायला होती. टॅम्पिनीसला एका कुटुंबासोबत राहते, ऑफिसजवळ जागा शोधते आहे. हात धुऊन येताना तिने मागच्या खोलीत डोकावले. नीट घातलेली गादी, कोरी चादर, खिडकीत धानाचे तोरण.

"ताई, ही खोली रिकामीच असते का?"

माझ्याआधी रेवाने उत्तर दिले, ताटावरून मान न उचलता. "रिकामी नाहीये, दीदी. ती कापायची नाही."

त्या मुलीला काही उमगले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला शेजारी बसवले, तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला, आणि तलावावरच्या त्या सकाळच्या धुक्यापासून सांगायला सुरुवात केली.